पियानोचा शुद्ध गांधार

एस्तेरबाई हिवाळे यांचा पियानो त्यांच्या मृत्यूनंतर स्वरोपासना मंडळाच्या सभागृहात आला, तेव्हा त्याचे काय करावे हे मंडळात कोणालाच ठाऊक नव्हते. तंबोऱ्याला नमस्कार करून मगच बैठकीवर पाय ठेवणारी माणसे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पेटी, तबला, सारंगी यांची लेकरासारखी निगा राखणारीही आहेत. परंतु मिशनच्या शाळेत जन्मभर संगीत शिकवलेल्या एका एकट्या बाईने जाताना आपले वाद्य शेजारच्या मंडळाला देऊन टाकावे, आणि ते चार धडधाकट पुरुषांना हलू नये, हा प्रसंग नवा होता. व्यासपीठाच्या कोपऱ्यात मखमली आच्छादनाखाली तो काही वर्षे उभा राहिला. सत्काराचे हार आणि नारळ मांडून ठेवायला त्याची पाठ सोयीची पडे.

संघप्रिया कांबळे ही एस्तेरबाईंची शेवटची शिष्या. तिची आई शेवंताबाई मिशनच्या दवाखान्यात परिचारिका होत्या. वडील लवकर गेलेले. पाळी संपेपर्यंत मुलीला ठेवायचे कुठे, म्हणून त्यांनी तिला एस्तेरबाईंच्या खोलीत बसवले, आणि ती मुलगी त्या वाद्यापुढून पुन्हा उठलीच नाही. पुढे मुंबईला जाऊन तिने परीक्षा दिल्या आणि पाचगणीच्या एका निवासी शाळेत ती पियानो शिकवू लागली. सुट्टी मिळाली की एसटीने कोल्हापूर गाठायचे, आईच्या डोळ्यांत औषध घालायचे आणि परत फिरायचे, असा तिचा क्रम पडून गेला. शेवंताबाईंना काचबिंदू होता. नजर कडेकडेने विझत चालली होती. परंतु सिद्धार्थनगरातले घर सोडायला त्या तयार नव्हत्या.

"माझ्या घरात मला अंधारातबी चालता येतंय," त्या म्हणत. "तुझ्या पाचगणीत मी उजेडातबी पडंन."

म्हणून, दोन हजार तीन साली, संघप्रियेने मंडळापुढे विनंती ठेवली. पियानो आहे, शिकवणारी मी आहे; वर्ग सुरू करा, मी कोल्हापुरात येऊन राहते. मंडळाचे कार्यवाह आकाराम चव्हाण हे कागलच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार. मनाने मोकळे, आवाजाने त्याहून मोकळे.

"ताई, आमची ना न्हाय," ते म्हणाले. "पन कार्यकारिणीत मान्सं इचारत्यात, ह्यो डबा आयकायला कोन येनार? हायवेवर आमच्या पावण्यांचं हाटेल हुतंय, त्यास्नी दर्शनी जागंत ठेवायला पायजेल हाय. तवा एक कार्यक्रम करा. लोकं रमली तर वर्ग सुरू. न्हाय रमली तर पियानो हाटेलात. पटतंय?"

"पटतंय."

"तबल्याला कोन घेनार?"

"कुणी नाही. एकटीच वाजवणार."

"एकटीच?" आकारामांनी क्षणभर तिच्याकडे दयेने पाहिले. "बरं. पन कुनाचं?"

तिने नाव सांगितले. दुसेक. यान लादिस्लाव दुसेक.

हे नाव कोल्हापुरात सोडाच, जिथे ते जन्मले त्या युरोपातही आता थोड्यांच्याच ओठी आहे. मोझार्टच्या मागून आणि बेथोवेनच्या आधी जन्मलेला हा बोहेमियातल्या लहानशा गावचा माणूस. हयातीत त्याने राजधान्या गाजवल्या; परंतु सारे आयुष्य गाव सोडून परक्यांच्या दरबारी, परक्यांच्या घरी वाजवण्यात गेले. मरण पावला आणि पुढल्या-मागल्या दोन महाप्रतापी नावांच्या छायेत त्याचे नाव झाकून गेले. एस्तेरबाई त्याच्याविषयी गावाकडच्या एखाद्या आप्ताविषयी बोलावे तशा बोलत. "मोठ्यांचं सगळेच वाजवतात गं," त्या सांगत. "याला कुणी विचारत नाही. म्हणून आपण विचारायचं." त्याचा एक सोनाटा, म्हणजे अनेक भागांची एक दीर्घ रचना, त्यांनी संघप्रियेकडून वर्षानुवर्षे घोटून घेतला होता. त्यातले पहिले दोन भाग तिने कार्यक्रमासाठी निवडले. कोल्हापूरला तो एकदा ऐकवावा आणि मग घरी राहावे, एवढेच तिचे मागणे होते.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुण्याचा कारागीर येऊन पियानो सुरात लावून गेला. पुढे त्याचे गोव्यात काम होते. संघप्रिया एकटीच सभागृहात बसून वाजवीत असता नृसिंहशास्त्री बोरगावकर आत आले आणि मागच्या रांगेत शांत बसून राहिले.

शास्त्रीबुवा मंडळाचे अध्यक्ष. संस्कृताचे अध्ययन त्यांनी घरातच, वडिलांपुढे मांडी घालून केलेले. श्रुतिशास्त्रावर, म्हणजे स्वरांतल्या सूक्ष्म अंतरांवर, त्यांचा अधिकार असा की पेटी बनवणारे सयाजी सुतार नवी पेटी त्यांच्या कानाखालून गेल्याशिवाय गिऱ्हाइकाला देत नसत. अत्यंत मृदू आणि निर्लोभ मनुष्य. संघप्रियेला बोलावण्याचा ठराव त्यांच्याच शब्दाने संमत झाला होता.

वादन थांबल्यावर ते उठून जवळ आले.

"फार श्रम केले आहेस, मुली. हे बुवा मोठे आहेत यात संशय नाही. यांचा षड्ज कोणता?"

पेटीच्या पट्ट्यांच्या भाषेत उत्तर द्यावे म्हणून ती म्हणाली, "काळी दोन, बुवा."

"हं. मला वाटलंच." त्यांनी डोळे मिटले. "गांधार लाव बरं. षड्जाबरोबर धर." तिने धरला. शास्त्रीबुवांच्या कपाळावर, दात दुखावा तशी, एक बारीक आठी उमटली. "चढा आहे. फार चढा आहे. तुझ्या कानांना टोचत नाही?"

ती हसली. "पियानोचा थोडा असतोच चढा. प्रत्येक स्वर किंचित इकडे-तिकडे सरकवून ठेवतात. म्हणजे मग कुठल्याही पट्टीला सा मानता येतो. सगळ्यांना नांदायचं तर प्रत्येकाला थोडं सोसावं लागतं."

"सगळे थोडे थोडे अशुद्ध, म्हणून कोणीच अशुद्ध नाही," ते खिन्नपणे म्हणाले. "असं म्हण."

"सोयीसाठी, बुवा."

"सोय." त्यांनी तो शब्द हळूच खाली ठेवल्यासारखा उच्चारला आणि तिच्या मस्तकावर हात ठेवून ते निघून गेले. शब्दांत राग नव्हता. वाद्याविषयी करुणा होती, आणि तिकडे तिचे लक्ष गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकारामांचा निरोप आला. सभागृहात सजावट चालू आहे, ताईंनी विश्रांती घ्यावी, दुपारनंतर यावे. ती आली तेव्हा व्यासपीठावर झेंडूच्या माळा होत्या, दोन समया होत्या, आणि पियानोचे झाकण उघडे टाकून सयाजी सुतार आपली हत्यारे पिशवीत भरीत होते. शेजारी सतरंजीवर शास्त्रीबुवा मांडीवर तंबोरा घेऊन बसले होते. पहाटेपासून बसलेले असावेत. चेहरा थकलेला, आणि पूजा आटोपल्यावर असतो तसा प्रसन्न.

"ये," ते म्हणाले. "आता लाव गांधार."

उभ्यानेच तिने काळी दोनचा षड्ज, गांधार आणि पंचम एकत्र धरले. असा गोडवा तिने पियानोत कधी ऐकला नव्हता. तिन्ही स्वर एकमेकांत विरघळले आणि त्यांतून चौथाच एक स्वर वर तरंगू लागला. सयाजी कौतुकाने पाहत राहिले. तिने हात सरकवला. रे आणि धैवत धरले. ते दोघे एकमेकांवर गुरगुरले. गांधारालाच षड्ज मानून तिने त्याच्या भोवतीचे स्वर धरले, तर तारा दाढेखाली खडा यावा तशा करकरल्या.

"हे काय केलंत?"

"व्हय, लई काम हाय ह्यात," सयाजी उत्साहाने म्हणाले. "तारा पिळायची चावीच गावंना. शेवटी चव्हाणसायबांच्या कारखान्यात लेथवर करून घेतली. बुवांनी तंबोऱ्यावर स्वर दिला, मी तार आनली."

"सयाजीदादा, पहिल्यासारखं करता येईल?"

"पयलं कसं हुतं त्ये मला कुटं ठाव हाय, ताई? वाकडं हुतं, येवढंच बुवा म्हनले."

ती शास्त्रीबुवांकडे वळली. "बुवा, दुसेक एका सा वर बसून राहत नाही. तो घरं बदलतो. पहिल्याच भागात तो रे-धैवतावर येतो. दुसरा भाग तर गांधाराला सा करूनच सुरू होतो. तिथे हे सगळं फाटतं."

शास्त्रीबुवांनी तंबोरा मांडीवरून खाली ठेवला. मग अगदी सौम्यपणे म्हणाले, "मुली, षड्ज हा आधार आहे. रचनेने त्याला सोडून हिंडावं आणि वाद्याने त्यासाठी भ्रष्ट व्हावं, हा न्याय उलटा नाही का? शुद्ध स्वरांत जे उभं राहत नाही, त्याचा दोष स्वरांकडे जात नाही."

शुद्ध. हा शब्द संघप्रियेच्या घराण्याला फार जुन्या काळापासून ओळखीचा होता. तो उच्चारणाऱ्यांचा आवाज पुष्कळदा असाच मृदू असे, आणि त्यांचे हेतूही पुष्कळदा असेच निर्मळ असत. तिने गोव्याला गेलेल्या कारागिराला फोन लावून पाहिला. तो उचलला गेला नाही.

"ताई, काय झालं?" आकाराम आले. सगळे ऐकून त्यांनी मान हलवली. "आता तोंडावर आलंय. पावनं वाटंत हायती. तुमी वाजवा की. हितं कुनाला काय कळतंय?"

"कळतं," ती म्हणाली. "कळत नाही असं नाही. कुणाचं चुकलं, एवढंच कळणार नाही."

सभागृह भरले. प्रमुख पाहुणे उशिरा आले, म्हणून दीपप्रज्वलन उशिरा झाले; त्यानंतर सत्कार, त्यानंतर ज्यांचा सत्कार राहून गेला त्यांचा सत्कार. शेवंताबाई पहिल्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या, तोंड आवाजाच्या दिशेने किंचित उचललेले. शास्त्रीबुवा प्रास्ताविकाला उभे राहिले. एका विस्मृत स्वरयोग्याचे स्मरण करण्यासाठी आपण जमलो आहोत, असे त्यांनी सुंदर, घोटीव मराठीत सांगितले. आणि पाश्चात्त्य वाद्याचा दोष काढून ते आज आपल्या श्रुतींवर प्रतिष्ठित केले आहे, हेही सांगितले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दुसेकसाठी झाला नव्हता तेवढा.

संघप्रिया बसली आणि तिने सुरुवात केली.

आरंभीची पाने दैवी लागली. काळी दोनच्या आधाराने रचना शांतपणे चालत होती. मागच्या रांगांतून "आहा" उमटले. शास्त्रीबुवांचे बोट मांडीवर मात्रा मोजू लागले. एक क्षण तिला वाटले, कदाचित निभेल. कदाचित दुसेक या नव्या व्यवस्थेतूनही आपली वाट काढील.

मग तो रे-धैवतावर आला.

श्रोत्यांना प्रथम वाटले, बोट चुकले. दुसऱ्यांदा वाटले, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा कोणी काही वाटून घेतले नाही. माणसे खुर्च्यांतून हलू लागली. दुसेकने जिथे जिथे उत्कटता ठेवली होती, जिथे षड्ज सोडून अंधारात पाऊल टाकले होते, तिथे तिथे तारा भांडू लागल्या. जेवढे हळुवार वाजवावे तेवढे ते भांडण स्पष्ट ऐकू येई. मागून कोणी तरी न राहवून कुजबुजला, "पेटीत उंदीर शिरलाय काय रं?" आणि चार-सहा रांगांवरून हसू दाबत दाबत पुढे आले. "म्हनूनच इसरलं आसतील ह्याला," दुसरा म्हणाला, आणि या वेळी ते कोणी दाबले नाही. तिने पहिला भाग शेवटपर्यंत नेला. एकही स्वर गाळला नाही. हात उचलले तेव्हा उरल्यासुरल्या टाळ्या पडल्या, सभ्यतेपुरत्या.

दोन भागांच्या मध्ये क्षणभर थांबायचे असते. त्या क्षणात तिने पाहिले. आकाराम शेजारच्या गृहस्थांकडे झुकून काही सांगत होते, आणि ते गृहस्थ पियानोकडे, दिवाणखान्यातल्या कपाटाची लांबी-रुंदी मनाशी घ्यावी तसे बघत होते. शास्त्रीबुवांचे बोट मांडीवर थांबले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी ऐकले होते. त्या कानांनी न ऐकणे शक्यच नव्हते. आणि पहिल्या रांगेत आई बसली होती. टाळ्या का थांबल्या हे समजून घेण्यासाठी ती मान इकडून तिकडे वळवत होती.

दुसरा भाग गांधारावर उघडत होता. पहिल्याच स्वरात सभा संपली असती, पियानो गेला असता, आणि सकाळच्या एसटीने ती पाचगणीला.

एस्तेरबाईंनी लहान मुलांची बोटे बसवण्यासाठी एक लहानशी चाल स्वतःच रचली होती. तीन-चार स्वरांची, पाळण्याच्या गतीची. त्यांच्या खोलीबाहेर ती कधी गेली नव्हती. षड्ज सोडून ती कुठेही जात नाही. संघप्रियेने काळी दोन धरली आणि ती चाल वाजवायला घेतली. संथ लयीत, एकाच घरात फिरत, डाव्या हाताने पंचम धरून ठेवून. सयाजींनी आणि शास्त्रीबुवांनी पहाटेपासून लावलेला प्रत्येक स्वर त्या चालीवर मधासारखा उतरला. सभागृह निश्चल झाले. प्रमुख पाहुण्यांनी हातातला फोन खिशात ठेवला. ती तीच चाल फिरवून फिरवून वाजवीत राहिली, दुसेकच्या दुसऱ्या भागाला जेवढा वेळ लागला असता तेवढा, आणि संपवून उठली तेव्हा माणसे उभी होती.

ते दुसेकचे नव्हते, हे तिने सांगितले नाही. कार्यक्रमात दोन भाग जाहीर झाले होते, दोन वाजले.

आकाराम धापा टाकत व्यासपीठावर चढले आणि ध्वनिक्षेपक तोंडाजवळ इतका आणला की तो किंचाळला. "मंडळी! ताईंनी सुरवातीला आपली परीक्षा बगितली, आनि मग पेढा भरवला!" हशा आणि टाळ्या. "आपल्या मंडळात पियानोचा वर्ग नव्या वर्सापासून सुरू हुनार म्हंजे हुनार! हाटेलवाल्यांनी दुसरं कायतरी बगावं!"

तिच्या खांद्यावर शाल पडली. तिच्या हातात नारळ आला. गर्दी ओसरू लागली तेव्हा शास्त्रीबुवा तिच्याजवळ आले. त्यांचे डोळे ओले होते.

"पूर्वार्धात रे-धैवताचा संवाद तुटला," ते हलक्या आवाजात म्हणाले. "तो तुटतो हे ग्रंथांत आहे, किती तुटतो, हे मी आज ऐकलं. त्या वेळी मला वाटलं, मी या माणसाचा अपराध केला. तुझाही केला. मी उठून सभेची क्षमा मागणार होतो."

संघप्रियेने हातातला नारळ पियानोवर ठेवला.

"आणि मग तू उत्तरार्ध सुरू केलास." त्यांनी हात जोडले. "काय माणूस होता! सारं हिंडून झाल्यावर शेवटी षड्जाच्या पायाशी येऊन बसला. जे मी तुला तर्काने सांगत होतो ते त्याने दोनशे वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेवलं होतं. आज शुद्ध स्वरांत लावल्यावाचून ते कोणाला कळलंच नसतं. म्हणून तर तो विस्मृतीत पडला. माझ्या ग्रंथाच्या पुढल्या आवृत्तीत मी हे विस्ताराने लिहिणार आहे. तुझ्या नावानिशी."

आता बोलता आले असते. बुवा, तो दुसेक नव्हता. ती मुलांची चाल होती. एवढेच वाक्य. शास्त्रीबुवा सत्याचे मनुष्य होते. त्यांनी ते ऐकले असते, सभेत सांगितलेही असते. आणि मग आकारामांना, कार्यकारिणीला, उभे राहून टाळ्या वाजवलेल्या सर्वांना कळले असते की त्यांना रमवले ते कशाने. पलीकडे कोणी तरी शेवंताबाईंच्या दंडाला धरून त्यांना पायऱ्या उतरवत होते, आणि त्या प्रत्येक पायरीला आधी पावलाने चाचपून बघत होत्या.

"आपली कृपा, बुवा," संघप्रिया म्हणाली.

"एकच विनंती. वाद्याचा हा मेळ आता बदलू नकोस. पुण्याहून कोणाला बोलावू नकोस. सयाजी निगा राखील. मुलींना आरंभापासून शुद्ध गांधार कानी पडू दे."

"हो."

"आणि दुसेकांचा पूर्वार्ध..." ते घोटाळले. "तो तेवढा नको वाजवूस. तो त्यांच्या भटकंतीचा भाग. उत्तरार्ध पुरेसा आहे."

तिने वाकून नमस्कार केला. त्यांनी दोन्ही हातांनी आशीर्वाद दिला. त्या आशीर्वादात लवमात्र खोट नव्हती.

घरी आल्यावर शेवंताबाई पलंगावर बसल्या आणि मुलीच्या अंगावरची शाल त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली.

"लोकरीची हाय. बरी हाय." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "ते बाईंचं हुतं, न्हवं? दुसरं. बोटं बसवायचं. मी पाळी सुटल्यावर खिडकीखाली उभी ऱ्हायाची तवा तू वाजवायचीस."

"हो, आई."

"आनि लोकं त्या मान्साचं म्हनून टाळ्या पिटत हुती."

"हो."

"आनि पयलं वाजवलंस ते त्याचं न्हवतंच. त्याचं मला ठाव हाय. वरीसवरीस आयकलंय मी. त्यात आसं भांडान न्हवतं." त्यांनी मुलीच्या दिशेने तोंड वळवले. "मग त्याचं कधी वाजवनार तू?"

"वर्ग मिळाला, आई. आता मी इथंच राहणार आहे. कायमची."

"ते आयकलं मी. ते न्हवतं इचारलं."

संघप्रियेने शालीची घडी घातली, ती मोडली आणि पुन्हा घातली. शेवंताबाई उत्तराची वाट पाहत राहिल्या. मग पाचगणीचे सामान आणायला टेम्पो कधी सांगायचा, असे त्यांनीच विचारले.